दूध संकलन केंद्राची स्क्रीन आणि मराठी अक्षरं: एलव्हीजीएलवरचं एक पूर्ण प्रकरण

गावच्या दूध संस्थेत सकाळी काट्यापाशी रांग असते, सभासद कॅन रिकामा करतो, वजन होतं, सॅम्पल मिल्क ॲनालायझरला लागतं आणि समोरच्या स्क्रीनवर त्याचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम येते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर लागतो, पॉइंट खाली गेला की पैसे कापले जातात, म्हणजे त्या स्क्रीनवर जे दिसतं ते त्या माणसाच्या घरखर्चाचं असतं. त्यामुळे तिथली मराठी नीट, पुस्तकात छापतात तशी दिसली पाहिजे, "समजतंय ना, मग राहू दे" असं मी तरी कधी म्हणणार नाही. ज्याचं नाव मोडून दिसतं त्याने पुढच्या आकड्यावर विश्वास का ठेवावा?

आमचं डिव्हाइस असं: सात इंची ८०० बाय ४८० डिस्प्ले, ईएसपी३२-एस३ हा मायक्रोकंट्रोलर, ८ एमबी पीएसरॅम (जोडीची रॅम), १६ एमबी फ्लॅश, ग्राफिक्सला एलव्हीजीएल, म्हणजे छोट्या डिव्हाइसवर स्क्रीन काढून देणारी लायब्ररी, तिची ८ ची व्हर्जन. इंग्लिश स्क्रीन आधीपासून चालू होत्या, काम एवढंच होतं की सगळं मराठीत आणायचं. सगळी लेबलं मराठी करून बोर्डवर टाकली आणि पूर्ण स्क्रीनभर चौकोन. जिथे "दूध" पाहिजे तिथे तीन चौकोन, जिथे "एकूण रक्कम" तिथे चौकोनांची माळ.

चौकोन बघून लगेच फॉन्टच्या मागे लागू नका, आधी बाइट्स बघा. एलव्हीजीएलला स्ट्रिंग, म्हणजे दाखवायचा मजकूर, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्येच पाहिजे, कॉन्फिग फाइलमध्ये एन्कोडिंगचा पर्याय यूटीएफ-८ वर असला पाहिजे आणि सोर्स फाइलसुद्धा तशीच सेव्ह झालेली पाहिजे. "दूध" या शब्दाचे बाइट्स डीबगरमध्ये ई० ए४ ए६, ई० ए५ ८२, ई० ए४ ए७ असे दिसले पाहिजेत, देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला, म्हणजे युनिकोडने दिलेल्या नंबरला, तीन बाइट, द, दीर्घ ऊची मात्रा आणि ध. हे बरोबर आलं तर स्ट्रिंग शाबूत आहे. याच तपासणीत आमच्या भाषांतराच्या एक्सेल शीटमधल्या काही ओळी पकडल्या गेल्या, त्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेल्या होत्या, टाइप करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसत होत्या पण आतून निव्वळ रोमन अक्षरं, अशा ओळी दुरुस्त करत बसण्यापेक्षा सरळ युनिकोडमध्ये परत टाइप करून घ्याव्यात.

बाइट्स बरोबर असतील तर मग फॉन्ट. एलव्हीजीएलसोबत येणारा मोन्सेराट फॉन्ट म्हणजे इंग्लिश अक्षरं, डिग्रीचं चिन्ह, बुलेट आणि वायफाय-बॅटरी वगैरे आयकॉन, बाकी काही नाही. देवनागरीचा एकही ग्लिफ, म्हणजे अक्षराचं चित्र, त्यात नाही, आणि ग्लिफ सापडला नाही की एलव्हीजीएल चौकोन काढतं आणि लॉग चालू असेल तर कोणता कोडपॉइंट सापडला नाही तेही सांगतं. हा लॉग चालू करूनच काम करा, निम्मा शोध तिथेच संपतो. मग नोटो सॅन्स देवनागरी घेतला, एलव्हीजीएलच्या फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये ०९०० ते ०९७एफ ही रेंज दिली, साइज २४, चार बिट पर पिक्सेल, आणि सी फाइल प्रोजेक्टमध्ये घातली. चौकोन गेले.

बरेच जण इथे थांबतात, कारण लांबून बघितलं तर मराठी दिसते. जवळ जाऊन वाचा. "लिटर" हे "लटिर" असं वाचलं जात होतं, कारण पहिली वेलांटी ल च्या आधी जायच्या ऐवजी ल च्या नंतर, म्हणजे ट च्या अगोदर येऊन बसली होती. "रक्कम" मध्ये क चा पाय मोडलेला आणि पुढे दुसरा क सुटा. "क्रमांक" म्हणजे क, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मग आख्खा र. "दर्जा" मध्ये रफार नाहीच, र हलन्त आणि शेजारी जा. "संध्याकाळ" तुटलेलं. "शेतकऱ्याचं नाव" हे तर काही ओळींत ठीक, काही ओळींत मोडकं आणि काही ओळींत मधोमध परत एक चौकोन.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माणूस एकामागून एक फॉन्ट बदलत राहतो आणि हाती काही लागत नाही. युनिकोडमधली देवनागरी ही भारतीय मानक आयएससीआयआय वरून आली, त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवली जातात, "लि" म्हणजे आधी ल आणि मग इकार, जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन. जोडाक्षराला स्वतःचा कोड नाहीच. वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणं, रफार शेवटी चढवणं, क आणि ष चा क्ष करणं हे सगळं फॉन्टच्या आतल्या ओपनटाइप टेबलांमध्ये लिहिलेलं असतं आणि ती टेबलं वाचून लागू करणारं एक शेपिंग इंजिन लागतं, अँड्रॉइडमध्ये, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये हे काम हार्फबझ करतं. एलव्हीजीएल हे काम करत नाही. ते एक कोडपॉइंट घेतं, त्याचं एक चित्र काढतं, रुंदीइतकं पुढे सरकतं, पुढचा कोडपॉइंट. आणि कन्व्हर्टर जेव्हा रेंज घेऊन सी फाइल बनवतो तेव्हा ती ओपनटाइप टेबलं आणि सगळी जोडाक्षरं मागेच राहतात, कारण त्यांना कोडच नाही. म्हणून कितीही चांगला फॉन्ट आणा, फरक पडणार नाही.

मग कोणीतरी विचारतं की अरबी कशी चालते? अरबीच्या जोडलेल्या रूपांना युनिकोडमध्ये स्वतंत्र कोड आहेत, जुन्या एन्कोडिंगशी जमवून घ्यायला दिलेले, एलव्हीजीएल शेजारचं अक्षर बघून त्यातलं योग्य रूप उचलतं. देवनागरीला असे कोड कधी दिलेच नाहीत. फ्रीटाइप जोडून बघा असाही सल्ला मिळतो, पण फ्रीटाइप ग्लिफचं चित्र काढतो, कोणता ग्लिफ काढायचा हे ठरवत नाही, त्यामुळे अक्षरं जास्त गुळगुळीत आणि तितकीच चुकीची दिसतात.

आता पर्याय. पहिला, हार्फबझच डिव्हाइसवर चालवायचं. होतं हे, त्याचं छोटं बिल्ड करायची सोय आहे, पण पूर्ण टीटीएफ (मूळ फॉन्ट फाइल) फ्लॅशमध्ये ठेवा, रनटाइमला रास्टराइज करा, म्हणजे त्यातून पिक्सेलचं चित्र काढा, एलव्हीजीएलचा लेबल काढायचा कोड ग्लिफ-आयडी घेणारा करा, आणि मग एलव्हीजीएलच्या प्रत्येक अपडेटला ते पॅच सांभाळत बसा. ज्या डिव्हाइसवर माणूस कीबोर्डने मराठी टाइप करणार आहे तिथे हेच करावं लागेल. दुसरा, प्रत्येक वाक्याचं चित्र करून ठेवायचं, दहा-बारा लेबलं असतील तर बिनधास्त करा, पण आमच्याकडे सभासदांची नावं होती. तिसरा पर्याय आम्ही घेतला आणि मला तो अशा मशीनसाठी सगळ्यात योग्य वाटतो: शेपिंग पीसीवर करायचं आणि डिव्हाइसला तयार अक्षरं द्यायची.

म्हणजे काय, तर बिल्डच्या वेळी एक पायथन स्क्रिप्ट चालते. ती सगळ्या स्ट्रिंग घेते आणि अक्षरांमध्ये तोडते, अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते, "लक्ष्मी" मध्ये ल आणि क्ष्मी अशी दोन. तोडायचा नियम सोपा आहे, व्यंजन आणि हलन्त कितीही वेळा, मग शेवटचं व्यंजन, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग. प्रत्येक वेगळं अक्षर हार्फबझला दिलं की तो कोणते ग्लिफ, कुठे, किती सरकवून ठेवायचे ते सांगतो. "क्ष्मी" मध्ये सहा कोडपॉइंट जातात, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी, आणि बाहेर अर्धा क्ष, म आणि वेलांटी येते. त्या सगळ्यांना फॉन्टटूल्स या पायथन लायब्ररीने एकत्र करून एक कंपोझिट ग्लिफ बनवायचा, रुंदी म्हणजे सगळ्यांच्या रुंदीची बेरीज, आणि त्या ग्लिफला युनिकोडच्या खासगी भागातला एक कोड द्यायचा, ई००० पासून पुढे. असा नवा टीटीएफ तयार झाला की तोच नेहमीच्या फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये घालायचा. एलव्हीजीएलच्या कोडला हात लावायची गरज नाही, त्याच्या दृष्टीने हा एक साधा फॉन्ट आहे, एक कोड, एक चित्र. स्ट्रिंगसुद्धा त्याच स्क्रिप्टने या कोडमध्ये बदलून हेडर फाइलमध्ये लिहायच्या.

यातून किती गोष्टी एकदम सुटल्या बघा. मात्रेची जागा अक्षरागणिक वेगळी असते, रफारावर अनुस्वार आला की तो थोडा सरकतो, ते सगळं अक्षराच्या चित्रातच आलं. चांगल्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे छोटी-मोठी निवडली जाते, तेही आलं. लेबल लांब झालं आणि एलव्हीजीएलने शेवटी तीन टिंबं टाकली तर ती मात्रा तोडून टाकत नाहीत, पूर्ण अक्षरानंतर येतात. आणि जागा म्हणाल तर २४ च्या साइजला एक अक्षर साधारण २२ बाय २८ पिक्सेल धरा, चार बिटने ३०८ बाइट, ३५० अक्षरं घेतली तरी १०५ केबीच्या आसपास, १६ एमबी फ्लॅशमध्ये हे काहीच नाही.

खासगी भाग वापरताना एक जपा. एलव्हीजीएलचे आयकॉन पण त्याच खासगी भागात राहतात, एफ००० पासून पुढे, वायफायचं चिन्ह एफ१ईबी वर आहे. आपली अक्षरं तिथे घातली तर वायफायच्या जागी एखादं "ष्ट" उमटेल. ई००० ते ईएफएफएफ एवढ्यात राहिलं की ४०९६ जागा मिळतात, त्या भरपूर आहेत.

आता मराठीचं खास. हार्फबझला लिपी देवनागरी सांगितली की पुरत नाही, भाषा मराठी आहे हेही सांगा, त्याच एका ओळीने श आणि ल आपल्या वळणाचे येतात, फॉन्टमध्ये ती रूपं असली तर. नाहीतर हिंदी वळणाचा ल आणि श येतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण दिलेलं आहे, शाळेत मुलं तेच शिकतात, मग दूध संस्थेतल्या स्क्रीनवर वेगळं का असावं.

"शेतकऱ्याचं" मधल्या त्या ऱ्या ने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे ऱ हा स्वतंत्र कोड, ०९३१, आणि त्यावर हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक कोड २००डी. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. आमच्या शीटमध्ये दोन्ही होते कारण टाइप करणारे वेगवेगळे कीबोर्ड वापरत होते, आणि तो २००डी देवनागरीच्या रेंजमध्ये बसत नाही, म्हणूनच सुरुवातीला शब्दाच्या मधोमध एकटा चौकोन दिसत होता. तिसरा प्रकार म्हणजे सरळ र्या लिहिणं, "शेतकर्या", तो टायपिंगचा दोष, तो माणसानेच वाचून काढायचा. आम्ही स्क्रिप्टमध्ये शेपिंगच्या आधी सगळं एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकत्रित रूप) करून घेतो, म्हणजे र आणि नुक्ता (खालचं टिंब) असं फुटलेलं असेल तर परत ऱ होतं, आणि मग र, हलन्त, २००डी ची जागा ऱ, हलन्त ने भरतो. तसंच ॲ चं, त्याला स्वतंत्र कोड ०९७२ युनिकोड ५.१ मध्ये २००८ ला मिळाला, त्यामुळे अजूनही काही लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, "ॲडव्हान्स" हा शब्द संस्थेच्या स्क्रीनवर रोज लागतो, तो एकाच रूपात आणून ठेवा. हे केलं नाही तर अक्षर आणि त्याचा खासगी कोड यांच्या टेबलात एकाच अक्षराच्या दोन नोंदी होतात.

दिसण्याच्या बाबतीत दोन गोष्टी राहिल्या. एक, अक्षरांचं डोकं कापलं जात होतं, "र्मी" चा रफार, "कैं" ची मात्रा वरून छाटलेली. कारण मूळ फॉन्ट मोन्सेराट आणि मराठी फॉन्ट फॉलबॅक (मूळ फॉन्टात अक्षर नसेल तर बघायचा) म्हणून जोडला होता, ओळीची उंची मूळ फॉन्टची धरली जाते आणि मोन्सेराटला एवढी वरची जागा लागतच नाही. उलटं केलं, मराठी फॉन्ट मूळ आणि मोन्सेराट फॉलबॅक, की डोकं सुरक्षित. कन्व्हर्टर उंची त्यात असलेल्या ग्लिफांवरून काढतो, म्हणून फॉन्टमध्ये एक उंच आणि एक खोल अक्षर मुद्दाम ठेवलेलं बरं, नाहीतर स्ट्रिंग बदलल्या की ओळीची उंची बदलते आणि पूर्ण लेआउट दोन-तीन पिक्सेल हलतो.

दुसरी शिरोरेषा. एलव्हीजीएल रुंदी पिक्सेलच्या सोळाव्या भागात साठवतं पण काढताना पूर्ण पिक्सेलला राउंड करतं, त्यामुळे दोन अक्षरांच्या मध्ये रेघेत केसाएवढी फट पडते, आणि गडद बॅकग्राउंडवर ती लगेच डोळ्यात भरते. अक्षर हेच एक ग्लिफ झाल्यावर फटी कमी झाल्या, उरलेल्यांसाठी कंपोझिट बनवताना रुंदी त्या साइजच्या पूर्ण पिक्सेलला खाली राउंड केली, म्हणजे रेघा एकमेकींवर किंचित चढतात. कन्व्हर्टरचं ऑटोहिंट चालूच ठेवा, त्याने शिरोरेषा सगळ्या अक्षरांत एकाच जाडीची बसते.

नावांचा प्रश्न वेगळा कारण ती सर्व्हरवरून येतात. इथे आधी एक जुना दोष सापडला जो फॉन्टचा नव्हताच. नावासाठी २४ बाइटचा बफर (मेमरीतली राखीव जागा) होता, इंग्लिश नावाला भरपूर. "ज्ञानेश्वर" मध्ये दहा कोडपॉइंट, म्हणजे ३० बाइट. स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट सोडला तर २३ बाइट मावतात, त्यात सात कोडपॉइंट पूर्ण बसतात आणि दोन बाइट अर्धवट लटकतात. ते सात कोडपॉइंट मिळून काय होतं? "ज्ञानेश". हे पण खरंखुरं नाव आहे, कोणालाही ते चुकीचं वाटणार नाही, आणि एकाच संस्थेत ज्ञानेश आणि ज्ञानेश्वर दोन्ही असतील तर दूध कोणाच्या खात्यावर चाललंय याचा गोंधळ होणार. बफर वाढवणं तर करायचंच, पण कापायची वेळ आलीच तर पूर्ण अक्षराच्या हद्दीवर कापा, बाइट मोजून कधीच नाही. नव्या पद्धतीत हेच नाव ज्ञा, ने, श्व, र अशा चार कोडमध्ये, १२ बाइटमध्ये बसतं.

सर्व्हर नाव पाठवताना त्याच टेबलने अक्षरांचे कोड करून पाठवतो. इथे एकच नियम मी अगदी कडकपणे पाळायला लावतो: टेबलात नवीन अक्षर फक्त शेवटी जोडायचं, टेबल कधीही सॉर्ट करायचं नाही. कोणी हौसेने सॉर्ट केलं तर सगळे कोड सरकतात, आणि जुना फॉन्ट असलेल्या डिव्हाइसवर चौकोन येत नाहीत, दुसरीच अक्षरं येतात, स्वच्छ, सुंदर आणि पूर्ण चुकीची. म्हणून फॉन्टमध्ये टेबलाचा व्हर्जन नंबर ठेवलाय आणि सर्व्हर प्रत्येक नावासोबत त्या नावाला कमीत कमी कोणती व्हर्जन लागते ते पाठवतो. डिव्हाइसकडे तेवढी नसेल तर नावाच्या जागी सभासद क्रमांक मोठ्या अक्षरात दाखवायचा. आणि हे खासगी कोड फक्त स्क्रीनसाठी, डेटाबेसमध्ये, एसएमएसमध्ये, हिशोबाच्या फाइलमध्ये खरं युनिकोडच राहिलं पाहिजे, हे कोड एकदा डेटाबेसमध्ये शिरले की उद्या ती नावं दुसऱ्या कुठल्याच सिस्टीमला वाचता येणार नाहीत.

तपासायला एलव्हीजीएलचा पीसी सिम्युलेटर फार उपयोगी पडला, त्याचा स्क्रीनशॉट आणि हार्फबझच्या व्ह्यूअरने काढलेलं त्याच शब्दाचं चित्र शेजारी-शेजारी ठेवायचं. आमच्या यादीत हे शब्द कायमचे आहेत: विठ्ठल, उद्धव, कृष्णा, लक्ष्मी, सूर्यकांत, ज्ञानेश्वर, रूपाली, द्वारका, हृदयनाथ, श्रीरंग, वाङ्मय, ऱ्हास, ऑगस्ट, ॲडव्हान्स, शेतकऱ्यांची. विठ्ठल बघितल्याशिवाय फॉन्ट पास करू नका, काही फॉन्टांत ठ्ठ एकाखाली एक येतो, काहींत पाय मोडून, पाय मोडलेला चुकीचा नाही पण संस्थेतल्या लोकांना एकाखाली एक ठ आवडला म्हणून तसा देणारा फॉन्ट ठेवला. शेवटी प्रिंट काढून संस्थेच्या सेक्रेटरींना मोठ्याने वाचायला लावलं, ज्या शब्दाला ते अडखळतील तो शब्द परत बघायचा, ही तपासणी कुठलंही टूल करू शकत नाही.

सध्या रोजचं काम असं चालतं की नवीन सभासद नोंदला आणि त्याच्या नावात टेबलात नसलेलं अक्षर आलं, तर सर्व्हर ते शेवटी जोडतो, फॉन्टची बायनरी फाइल नव्याने बनवतो आणि डिव्हाइस रात्री ती उतरवून घेतं. ती फाइल एलव्हीजीएल पूर्णपणे मेमरीत घेतं, त्यामुळे पीएसरॅम नसलेल्या बोर्डवर हे करू नका, तिथे फॉन्ट सी फाइल म्हणून फ्लॅशमध्येच ठेवा आणि फर्मवेअर अपडेटबरोबर पाठवा. तोपर्यंत, म्हणजे साधारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनापर्यंत, त्या एका सभासदाला स्क्रीनवर आपला क्रमांक दिसतो, आणि हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलेलं असतं.